साध्या किट लेन्सने आतषबाजी टिपताना
आतषबाजीसाठी महागडी लेन्स घेण्याची घाई करू नये. अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे लेन्समधील छिद्र, एफ/८ ते एफ/११ इतके लहान ठेवायचे असल्याने कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स पुरते. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १०० ठेवून कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, बल्ब मोडमध्ये (यात शटर हवे तितका वेळ उघडे ठेवता येते) रॉकेट वर झेपावताच रिमोटने शटर उघडावे आणि ठिणग्या विझू लागताच, म्हणजे साधारण २ ते ५ सेकंदांत, बंद करावे. खरी अडचण फोकसची असते: अशा लेन्सवर बहुधा फोकसचे अंतर दाखवणारी पट्टी नसते आणि झूम फिरवला की फोकसही सरकू शकतो, म्हणून आधी चौकट ठरवावी, मग लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे दृश्य) मोठा करून दूरच्या दिव्यावर फोकस साधावा आणि ऑटोफोकस बंद करावा. वाऱ्याकडे पाठ करूनच उभे राहावे, म्हणजे धूर आपल्यापासून दूर जातो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री धूर साचण्याआधीची, सुरुवातीची छायाचित्रेच बहुधा स्वच्छ येतात.