विजेवर चालणारी डिकी अडल्यास आधी काय पाहावे

डिकी अर्ध्यावर थांबते म्हणून लगेच नवी मोटर मागवू नका. नवशिक्यांना हीच चूक सर्वांत महाग पडते. आधी बॅटरी मोजा: गाडी काही तास बंद असताना व्होल्टेज १२.४ च्या बरेच खाली असेल, तर ती चार्ज केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग फ्यूज पाहा. त्यानंतर बिजागरीजवळची रबरी नळी सरकवून आतली प्रत्येक तार हलकेच ओढून पाहा, कारण दर उघडझापीला तारा तिथेच वाकतात आणि बाहेरून धड दिसणारी तार आतून तुटलेली असू शकते. (माझ्या गाडीत दोष तिथेच निघाला, तोही मोटर बदलून झाल्यावर.) डिकी उचलून धरणारा दांडा काढायचा झाल्यास आधी डिकीला भक्कम टेकू द्या, नाहीतर ती डोक्यावर कोसळेल. कंट्रोल मॉड्यूलच्या, म्हणजे डिकीच्या मोटरला हुकूम देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीच्या, वाटेला सध्या जाऊ नका.