कागद नंतर बघा, आधी संडास बघा

वाचकांचे प्रश्न. या महिन्यात उत्तरं देत आहेत मनोविकार विभागातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका. मानसिक रुग्णांच्या निवासी केंद्रांच्या तपासणी पथकांसोबत त्या विदर्भात बऱ्याच फिरल्या आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या दिराला स्किझोफ्रेनिया आहे. वय ४२. गोळ्या घेतो तोवर बरा असतो, ढोरं चारून आणतो, चहा मांडतो. सासूबाई होत्या तोवर गोळ्यांचं त्याच पाहत. दिवाळीनंतर त्या गेल्या. आता हे दिवसभर वावरात, मी रोजाला. गोळ्या चुकतात आणि तो रात्रभर अंगणात एकटाच बोलत बसतो. ओळखीच्या एकाने शेजारच्या जिल्ह्यातलं एक केंद्र सांगितलं. आम्ही जाऊन आलो. फरशी चकाचक, गेटजवळ बगिचा, ऑफिसात पाहुण्यांचे फोटो. महिन्याचे आठ हजार सांगतात. घरचे म्हणतात ठेवून देऊ, माझं मन धजत नाही. सरकारी तपासणीवाले नेमकं काय बघतात? आम्हाला तसं बघता येईल का?
– एक वहिनी, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, फरशी आणि बगिचा तुमच्यासाठी असतो. दिराला राहायचं आहे मागच्या बाजूला. ती बाजू तुम्हाला दाखवली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक दाखवली नसावी.

बघता नक्की येईल. तपासणीवाल्यांना दोन-तीन तासांत ढीगभर रजिस्टरं चाळायची असतात, शिवाय त्यांची गाडी फाट्यावर वळली की केंद्रात फोन गेलेला असतो. तुम्हाला कोणी ओळखत नाही, हा तुमचा फायदा. पुढच्या वेळी न कळवता जा, आणि संध्याकाळी पाचनंतर जा. सकाळी अकराला सगळीच केंद्रं चांगली दिसतात.

आत गेल्यावर संडासाला जायचंय म्हणा. ऑफिसाजवळचा नको, आतला. दाराची कडी कुठून आहे ते बघा. आतून कडी नाही आणि बाहेरून मात्र आहे, असं असेल तर तिथे माणूस कोंडला जातो का, हे सरळ विचारा. काही ठिकाणी दारच काढून टाकलेलं असतं. कारण सांगतात, "पेशंटनं आत काही करून घेतलं तं?" ती धास्ती खोटी नाही, नोकरीत मीही ती बाळगली आहे. पण त्यावर उपाय म्हणजे गरज पडली तर बाहेरूनही उघडेल अशी कडी. दार काढणं हा उपाय नव्हे. मग मोरीत डोकवा. वीस-पंचवीस माणसांना साबणाची एकच वडी, दोरीवर टॉवेल एकही नाही, आणि नळाला लांब पाइप जोडलेला. म्हणजे आंघोळ अंगणात होते, सगळ्यांना ओळीने बसवून, पाइपाने. मालक तुम्हाला काहीही सांगो, तो पाइप बघितल्यावर विचारायला काही उरत नाही.

खाटांखाली चपला आहेत का, अंगावरचे कपडे स्वतःचे आहेत की सगळ्यांना एकच गणवेश, हेही बघा. गणवेशाची सक्ती करता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, त्यातलं कलम २०. अंगावर घालायला स्वतःचे कपडे, खासगीपणा, पुरेसं जेवण, बायकांना पाळीचं सामान, हे सगळं त्या एका कलमात हक्क म्हणून लिहिलेलं आहे.

आता रात्रीचं. जेवण किती वाजता देता, हे मालकाला न विचारता एखाद्या पेशंटला विचारा. गावाकडच्या केंद्रांत स्वयंपाकीण पाचला घरी जाते, म्हणून साडेपाचला वरण-भात वाढून मोकळे होतात. पुढचा चहा सकाळी आठला. स्किझोफ्रेनियावरच्या ओलँझापिनसारख्या गोळ्यांनी भूक भलती वाढते. त्या माणसाने रात्री अकराला डब्यातली पोळी चोरली की तो "त्रास देणारा पेशंट" ठरतो आणि त्याची झोपेची गोळी वाढते. असं चक्र मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. ते सुरू होतं साडेपाचच्या जेवणापासून, पण केस-पेपरवर नोंद असते फक्त वाढलेल्या गोळीची.

रात्री माणूस कोण असतो? गेटवरचा वॉचमन नाही, आतला. जाळीच्या दाराची किल्ली कोणाच्या खिशात? तो कुठे झोपतो? ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूत एरवाडीच्या एका खासगी केंद्राला आग लागली. माणसं साखळीने बांधलेली होती. २८ जण गेले. नव्या कायद्याच्या कलम ९५ ने साखळीने बांधणं कुठल्याही रूपात बंद केलं आणि कलम ९७ ने एकट्याला कोंडून ठेवणंही. हातपाय बांधून आवरायचं तर ते ताबडतोबीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ, आणि नोंद करून. पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवावं लागतं. या नोंदींचं रजिस्टर हातात आलं की मी आधी शाई बघायची. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणाने, कुठे खाडाखोड नाही, म्हणजे त्या आदल्या रात्री बसून लिहिलेल्या. रजिस्टर साफ कोरं आणि एखाद्याच्या मनगटावर काळपट वळ, हे त्याहून वाईट.

दिवाळी ते संक्रांत या दिवसांत गेलात तर पेशंटचे हात बघा. बोटांची टोकं आणि नखांच्या कडा. कापसाच्या वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी तिथे बारीक ओरखडे पडतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. केंद्राचं स्वतःचं वावर असलं की पेशंटला वेचणीला नेतात आणि कागदावर "व्यवसायोपचार" लिहितात. कामाला माझा विरोध नाही. ढोरं चारणारा तुमचा दीर दिवसभर रिकामा बसला तर जास्त बिघडेल. पण कामाची सक्ती करता येत नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो, हेही कलम २० मध्येच आहे. तेव्हा एवढंच विचारा : किलोमागे काय देता, आणि पैसे कोणाच्या हातात देता?

उन्हाळ्याचं वेगळं विचारा, कारण आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि या गोळ्यांना ऊन मानवत नाही. काहींनी घाम कमी येतो. लिथियम हे मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध, ते घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधेपर्यंत जातं. त्यामुळे कूलर ऑफिसात आहे की झोपायच्या खोलीत, दिवे गेल्यावर काय करतात, आणि पिण्याचं पाणी रात्री हाताशी असतं की कुलपापलीकडे, हे बघितलंच पाहिजे. लिथियमवाल्यांच्या रक्ताची शेवटची तपासणी कधी झाली, हेही विचारून ठेवा. दिराला लिथियम नसेलही, पण उत्तरावरून केंद्र कळतं.

कागद शेवटी. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवा म्हणा. पुष्कळ जण धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी पुढे करतात आणि आपण नंबर बघून मान हलवतो. ती ही नोंदणी नव्हे. "आमचं हॉस्पिटल नाही, आश्रम आहे" म्हणाले तरी सुटका नाही. मानसिक आजाराच्या माणसांना देखभालीला, विश्रांतीला किंवा पुनर्वसनाला ठेवलं की नोंदणी लागतेच. सूट फक्त माणूस नातेवाइकांसोबत किंवा मित्रांसोबत राहतो त्या घराला. पेशंटच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन दर्शनी भागात लावलेला हवा. नोंदणी झालेल्या केंद्रांचं दर तीन वर्षांनी लेखापरीक्षण व्हायचं असतं, आणि त्यात गावातल्या लोकांचे प्रतिनिधीही घेता येतात. शेवटचं कधी झालं, विचारा.

हे सगळं तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला अडचण केंद्राची वाटत नाही, गोळ्या चुकण्याची वाटते. दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायची लांब पल्ल्याची इंजेक्शनं मिळतात. ती दिराला चालतील का, हे जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या बाजूच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतं तेही तिथेच कळेल. फोनवर बोलायचं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. यात जमलं तर आठ हजारही वाचतील.

आणि दिराला विचारलं का? तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. बरा असताना त्याच्याशी बोला. तो स्वतःहून दाखल झाला तर त्याला स्वतःहून निघता येतं, गरज वाटली तर डॉक्टर तपासायला २४ तास थांबवू शकतात, एवढंच. तो नको म्हणत असताना ठेवायचं तर दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. तेही ३० दिवसांपर्यंत. पुढे मंडळ बघतं. "ठेवून देऊ" इतकं ते सोपं नाही, आणि ज्या केंद्रात ते सोपं करून देतात तिथे ठेवू नका.

प्रश्न : मी अशाच एका केंद्रात स्वयंपाकाला आहे. तपासणी असली की आदल्या दिवशी कोऱ्या चादरी अंथरतात, साहेब गेले की पुन्हा कपाटात. चार-पाच पेशंटना त्या दिवशी वावरात पाठवतात. मी काही बोलले तर काम जाईल. पण बघवत नाही. फोनमध्ये व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकू का?
– नाव नको, बुलडाणा जिल्हा

उत्तर : व्हिडिओ टाकू नका बाई. पेशंटचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय माध्यमांना द्यायला कायदा मनाई करतो. ग्रुपवर गेला की तो बाजारात पोचतो, आणि ज्याच्यासाठी तुमचा जीव तुटतो त्याचाच चेहरा तालुकाभर फिरतो. मालक मग तुमच्यावरच उलटेल.

चादरींचं फार मनावर घेऊ नका. मुलगी दाखवायच्या दिवशी घर आवरतात, तसं सगळेच करतात. कोऱ्या चादरीवर घडीच्या रेघा दिसतात आणि खालच्या गादीचे डाग एका रात्रीत जात नाहीत. थोडाफार अनुभव असलेला माणूस चादर उचलून बघतो. वावरात धाडलेली माणसं मात्र त्याला दिसत नाहीत, आणि ती तुम्हाला माहीत आहेत. रोज किती जणांचा भात टाकता, डाळ किती लागते, तपासणीच्या दिवशी त्यात किती कमी झालं. पटावर ३४ आणि ताटं २९, असं असेल तर ते पाच कुठे होते, हा प्रश्न मालकाला टाळता येत नाही. म्हणूनच मी प्रत्येक ठिकाणी स्वयंपाकघरात जात असे आणि मालकाला बाहेर थांबायला सांगत असे. तुमच्याकडे येणारे तसं करत नसतील तर ती त्यांची कुचराई.

तारखा वहीत लिहून ठेवा. पेशंटची पूर्ण नावं नकोत. कलम ६८ प्रमाणे तक्रार कोणीही करू शकतं, नातेवाईक असावं लागत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला लिहा. लिहिता येत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा, तिथे फुकट अर्ज लिहून मिळतो, आणि आपलं नाव बाहेर येऊ नये हे तिथे आधी बोलून घ्या. काम जाणार नाही असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही. छोट्या केंद्रात सांगणारी कोण हे मालकाला कळायला वेळ लागत नाही. वेचणीचे दिवस सुरू झाल्यावर, हाताला दुसरं काम असताना अर्ज दिलात तर मी तुम्हाला भित्री म्हणणार नाही.

आणि तोवर एक करता येईल. निघायच्या आधी दोन पातेली फुटाणे-मुरमुरे आत ठेवून जा, कोणाला सांगून. रात्री भूक लागते त्यांना.

प्रश्न : पोळ्याला बहिणीला भेटायला गेलो तर तिचं मुंडण केलेलं. म्हणाले उवा झाल्या होत्या. हे चालतं का?
– वरूड तालुका, जि. अमरावती

उत्तर : नाही. सक्तीचं मुंडण करायचं नाही, असं कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. उवांचं कारण त्याला पुरत नाही. परमेथ्रिनचं लोशन लावायचं, बारीक फणीने विंचरायचं, सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावायचं आणि खोलीतल्या सगळ्या बायकांना एकाच दिवशी लावायचं. यातलं शेवटचं केलेलं नसतं, म्हणून उवा जात नाहीत आणि मग कात्री निघते. आधी केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पटेल असं उत्तर आलं नाही तर पुनर्विलोकन मंडळाकडे जा. तिथे फी नाही. तुम्ही तिचे नामनिर्देशित प्रतिनिधी असाल तर अर्ज तुमच्या नावाने चालतो, नसाल तर बहिणीच्या सहीने. केस परत यायला वेळ लागेल, तोवर तिला एक सुती रुमाल नेऊन द्या, पण रंग तिला विचारून.