युरियाचा शेवटचा हप्ता बंद करून मक्याला नुसती नत्राची फवारणी दिली तर चालेल का?

नुसत्या फवारणीवर मका निघत नाही. शेवटच्या हप्त्यातला काही युरिया मात्र वाचतो, आणि तो किती हे कागदावर मांडून बघता येतं.

एकरी ३० क्विंटल दाणे देणारं पीक साधारण ६० ते ७० किलो नत्र उचलतं. आता फवारणीचा हिशेब करा. १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम युरिया म्हणजे २ टक्के द्रावण. एकरी २०० लिटर पाणी लागलं तर ४ किलो युरिया पडतो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे पानावर गेलं १.८४ किलो. तीन फवारण्या मिळून साडेपाच किलो. जमिनीत दिलेल्या युरियातलं निम्मं नत्र हवेत उडून किंवा पाण्याबरोबर खाली झिरपून जात असेल, तर हे साडेपाच किलो जमिनीत दिलेल्या तितक्याच नत्रापेक्षा बरंच जास्त काम करतात. पण पानावर पडलेलं सगळंच आत जात नाही. म्हणून मी शेवटच्या हप्त्यातून एकरी १५ ते २० किलो युरिया कमी करा म्हणेन, त्याहून जास्त नाही. पेरणीचा आणि गुडघाभर उंचीचा हप्ता जमिनीतूनच द्या, मातीआड करून.

बाटलीतलं नॅनो खत घेणार असाल तर लेबलवरची नत्राची टक्केवारी वाचा. ४ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये नत्र जेमतेम २० ग्रॅम असतं. त्याच्या भरवशावर पोतं बंद करू नका.

फवारणी सहसा फसते ती पानं करपून. युरिया बनवताना त्यात तयार होणारं बायुरेट पानाला बाधतं, म्हणून फवारणीसाठी ०.२५ टक्क्याच्या आत बायुरेट असलेला युरिया शोधा. दुसरं कारण ऊन. द्रावण लगेच वाळलं की युरिया पानावरच राहतो, शोषण थांबतं आणि शेंडे जळतात. संध्याकाळी फवारा, रात्रीच्या दवाने वाळलेला युरियाही पुन्हा विरघळतो. रात्रभर पाऊस नको. तिसरं कारण पोंगा, म्हणजे शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पानं. नोझल सरळ पोंग्यावर धरलं तर द्रावण आत साचतं आणि कोवळी पानं भाजतात. बारीक थेंबांचं नोझल वापरा आणि पानांवर हलकं फिरवा, पाणी निथळेपर्यंत भिजवू नका. मक्याच्या कोवळ्या पानावर मेण असल्याने थेंब घरंगळतात, त्यासाठी स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं औषध) लागतो, पण लेबलवरच्या प्रमाणातच. ईसी प्रकारचं (पाण्यात घातल्यावर दुधाळ होणारं) कीटकनाशक त्यात मिसळू नका, पानं जास्त करपतात. तणनाशकाचा पंप तर मुळीच नको.

युरिया विरघळताना पाणी गार पडतं आणि उरलेले दाणे हळू विरघळतात. आधी बादलीत पूर्ण विरघळवा, गाळा, मग पंपात ओता.

पहिली फवारणी आठ पानांच्या सुमारास, पुढच्या ७ ते १० दिवसांच्या अंतराने, आणि तुरा बाहेर पडण्याआधी संपवा. परागीभवन चालू असताना कणसाच्या केसांवर युरिया नको. पाण्याच्या ताणाने पानं सुरळी झालेल्या पिकावरही नको, आधी पाणी द्या.

फवारण्याआधी पिवळेपणा नत्राचाच आहे ना, ते बघा. नत्र कमी पडलं की खालच्या पानांवर टोकाकडून मधल्या शिरेने आत जाणारा पिवळा पाचरीसारखा पट्टा येतो. खालचं पान कडेने करपत असेल तर पालाश कमी आहे. नव्या पानांच्या बुडाकडे पांढरट पट्टे असतील तर जस्त. तिथे युरिया मारून काहीच साधत नाही.

फवारणीचा खरा उपयोग दिसतो तो पाणी साचल्यावर. मुळांना हवा मिळत नाही, नत्र उचलणं थांबतं, आणि अशा ओल्या जमिनीत युरिया टाकला तर त्यातला बराचसा वायू होऊन जातो, त्यात नायट्रस ऑक्साइडसारखा हवामानाला घातक वायूही असतो. अशा वेळी निचरा करा आणि जमिनीला वाफसा येईपर्यंत पीक पानातून सांभाळा.

पहिल्याच वर्षी सगळ्या रानात कपात करू नका. चार ओळींना पूर्ण युरिया, चार ओळींना कपात अधिक फवारणी, चार ओळींना नुसती कपात, आणि काढणीला तिन्हींची कणसं वेगवेगळी तोला.