विंडोज, मॅक, लिनक्स सोडून दुसरी एखादी ऑपरेटिंग सिस्टिम खरंच कोणी रोज वापरतं का?

होय, मी वापरतो. रोज, दुकान उघडल्यापासून शटर ओढेपर्यंत. हायकू नावाची सिस्टिम आहे. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बारा-तेरा वर्षांचा लॅपटॉप पडून आहे, विंडोज त्यावर रांगतं, लिनक्स टाकून बघितलं, आता काहीतरी वेगळं टाकावं का आणि असल्या अनोळखी सिस्टिम म्हणजे 'नुसता टाइमपास' असतो का. ते टाइमपास वाचलं आणि राहवलं नाही, कारण हाच शब्द मी घरात वीस वर्षांपेक्षा जास्त ऐकतोय.

माझं सांगलीत रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आहे, आधी अण्णांचं म्हणजे वडिलांचं होतं, आता मी बघतो. २००० साली माझा मोठा भाऊ इंजिनिअरिंगला होता आणि त्यानेच हॉस्टेलवरच्या कुणाकडून तरी एक सीडी आणली, तिच्यावर बीओएस नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाचव्या आवृत्तीची पर्सनल एडिशन होती, हायकू पुढे तिच्यावरूनच निघाली. फुकट होती, आणि विंडोज ९८ च्या आतच ५१२ एमबीची एक फाइल करून बसायची, डिस्कचे वेगळे भाग पाडायच्या, म्हणजे पार्टिशनच्या भानगडीत पडावं लागायचं नाही. आमचा पीसी ६४ एमबी रॅमचा. विंडोजमध्ये गाणं चालू असताना वर्ड उघडलं की गाणं तुटायचं, आणि इथे दादाने गाणं चालू ठेवून दोन व्हिडिओ लावले आणि त्या चालू व्हिडिओच्या खिडक्या धरून स्क्रीनभर फिरवल्या तरी कुठे काही अडकलं नाही. मी तेव्हा अकरावीत होतो. प्रत्येक खिडकीला स्वतःचा वेगळा थ्रेड, म्हणजे स्वतंत्र चालणारं काम असतं म्हणून असं होतं हे मला पुढे समजलं, पण त्या दिवशी एवढं कळलं की आपला पीसी हळू नाहीये, त्यावर जे टाकलंय ते हळू आहे. हे मत मी अजून बदललेलं नाही.

मग २००१ च्या ऑगस्टमध्ये बीओएसची 'बी' नावाची कंपनी संपली. ॲपल सोडून आलेल्या जाँ-लुई गासेने १९९० मध्ये काढलेली कंपनी, १९९६ मध्ये ॲपल हीच सिस्टिम विकत घ्यायच्या बेतात होती, पैशावरून फिसकटलं आणि ॲपलने स्टीव्ह जॉब्सची नेक्स्ट घेतली, आज मॅकमध्ये जे आहे ते तिथून आलेलं. बी कंपनी शेवटी हातात मावणारे छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्या पाम कंपनीला १.१ कोटी डॉलरला गेली. दादा दिवाळीला घरी आला तेव्हा मी ती सिस्टिम उघडून बसलो होतो, तर म्हणाला, "अरे कंपनीच राहिली नाही, कशाला टाइमपास करतोयस, लिनक्स शीक, नोकरी लागेल." ज्याने सीडी आणली त्यानेच. अण्णा टेबलावर एका रेडिओत डोकं घालून बसले होते, मान वर न करता म्हणाले, "ह्या सेटची कंपनी तुझ्या जन्माआधी बंद पडली, म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवू का?" दादा म्हणाला ते वेगळं आणि हे वेगळं. तो वाद तिथे सुरू झाला.

ते खरंच वेगळं होतं, कारण रेडिओचं सर्किट अण्णांकडे होतं आणि बीओएसचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, बाहेर कुणाकडेच नव्हता. कंपनीने जाण्याआधी फक्त ट्रॅकर आणि डेस्कबार, म्हणजे फाइल मॅनेजर आणि कोपऱ्यातली ती पट्टी, एवढाच कोड खुला केला होता. तरी त्याच ऑगस्टमध्ये काही लोकांनी ओपनबीओएस म्हणून काम सुरू केलं, प्रोग्रामरसाठीची कागदपत्रं समोर ठेवून आणि मूळ सिस्टिम कशी वागते ते बघून सगळं नव्याने लिहायला घेतलं, तेही अशा अटीवर की जुने बीओएसचे प्रोग्राम आहेत तसे चालले पाहिजेत. २००४ मध्ये नाव हायकू झालं, ते बीओएसच्या ब्राउझरमुळे, पान उघडलं नाही की तो एरर मेसेज हायकू या जपानी कवितेच्या तीन ओळींत द्यायचा. पहिली अल्फा, म्हणजे कच्ची चाचणी आवृत्ती, २००९ ला आली आणि पहिली बीटा, म्हणजे त्यापुढची जरा पक्की आवृत्ती, सप्टेंबर २०१८ ला. सतरा वर्षं. सर्किट न मिळणाऱ्या सेटचं सर्किट अण्णा बोर्डावरचा एकेक ट्रॅक बघत वहीत उतरवून काढायचे, एका सेटला कधी चार-चार रात्री लागायच्या. हे बघत मोठा झालोय मी, त्यामुळे या लोकांच्या कामाला कुणी टाइमपास म्हणलं की मला लागतं.

आता रोज वापरतो ते कशासाठी. ऑगस्ट २०१९ चा पूर, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. दुकानात आठवडाभर पाणी होतं. सेट गेले, ट्रान्सफॉर्मर गेले, ते एक वेळ सहन झालं, पण अण्णांच्या सर्किटच्या फायली खालच्या कप्प्यात होत्या. चाळीस वर्षांची जमवलेली सर्किटं, निम्मी कंपन्यांची, निम्मी हाताने काढलेली, आणि बाजूला बॉलपेनने नोंदी, हा रेझिस्टर तापतो, इथे कपॅसिटर मोठा टाकायचा, ह्या मॉडेलला ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबचा हाय व्होल्टेजचा भाग, वारंवार जातो. आईने आणि मी ती पानं सुटी करून वरच्या मजल्यावर दोऱ्या बांधून वाळत घातली. ६४० च्या आसपास पानं वाचली, बाकी लगदा झाला. अण्णा त्या दिवसांत फार बोलले नाहीत.

झेरॉक्सवाल्या मित्राच्या स्कॅनरवर दीड महिना बसून सगळी स्कॅन केली. पुढे प्रश्न असा की ६४० चित्रांतून हवं ते सापडायचं कसं. गिऱ्हाईक दारात उभं, सेटवरचा मॉडेल नंबर पुसलेला, बोर्डावर फक्त ४४४० नंबरचा आयसी, म्हणजे चिप, दिसतोय. दादाने फोनवर सांगितलं एक्सेल कर. केलं. एक्सेलमध्ये नंबर बघा, मग फोल्डर उघडा, मग फाइल शोधा, आणि एखादी फाइल दुसऱ्या फोल्डरला गेली की शीटमधली लिंक तुटली. महिन्याभरात मी ते सोडून दिलं.

दुकानात एक जुना नेटबुक होता, ॲटम प्रोसेसर, १ जीबी रॅम, ३२-बिट. त्यावर हायकूची बीटा टाकली. हायकूची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली ठेवायची पद्धत, बीएफएस आहे, तिच्यात कुठल्याही फाइलला तुम्ही स्वतःचे रकाने चिकटवू शकता, ॲट्रिब्यूट म्हणतात त्यांना. फाइलटाइप्स नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन मी 'सर्किट' असा फाइलचा प्रकारच तयार केला, त्याला रकाने दिले कंपनी, मॉडेल, आयसी, दोष आणि अण्णांची नोंद. मग फोल्डर उघडला की ते रकाने सरळ फायलींच्या शेजारी दिसतात आणि तिथेच क्लिक करून भरता येतात. वेगळा सॉफ्टवेअर नाही, डेटाबेस नाही, माहिती फाइलच्या अंगावरच असते, फाइल कुठेही हलवा, ती बरोबर जाते. शोधायचं असलं की क्वेरी, म्हणजे शोध, लावायची, आयसी बरोबर ४४४०, एंटर मारलं की यादी समोर. क्वेरी सेव्ह करून ठेवली की ती फोल्डरसारखी उघडते, आणि उघडी असताना नवीन सर्किट घातलं तर आपोआप यादीत येतं. बीओएसची मूळ बीएफएस लिहिणारा डॉमिनिक जिआम्पाओलो पुढे ॲपलला गेला आणि स्पॉटलाइटवर, म्हणजे मॅकमधल्या फाइल शोधायच्या सोयीवर काम केलं, म्हणजे मॅकवाले जे मिरवतात त्याचं मूळ कुठे आहे ते बघा.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. रकान्यांचा इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, आधी बनवायचा असतो, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) मेकइंडेक्स कमांडने, आणि नंतर माहिती भरायची. मी तीन आठवडे रात्री बसून सगळी माहिती आधी भरली आणि मग इंडेक्स केला, क्वेरी लावली तर शून्य फायली. अण्णा शेजारीच बसलेले. मला वाटलं सगळं गेलं. काही गेलं नव्हतं, इंडेक्स बनवल्यानंतर लिहिलेलंच त्यात जातं, जुन्यासाठी रीइंडेक्स चालवावं लागतं. चालवलं, आणि पहिलीच क्वेरी अण्णांनी सांगितली, एका जुन्या टेपरेकॉर्डरची, दोन सेकंदांत त्यांच्या अक्षरातलं पान स्क्रीनवर आलं. ते पान त्यांनी बराच वेळ वाचलं, मग नुसतं म्हणाले, "ह्यात एक डायोड उलटा काढलाय मी." रकान्यात तसं लिहून घेतलं.

गेल्या गणपतीत दादा आला तेव्हा परत तेच, अजून तेच का, हे उद्या बंद पडलं तर. मी म्हणलं बंद पडायचं ते २००१ लाच पडून झालंय. हायकूमागे कंपनीच नाही, लोकांच्या देणगीतून चालतं, २०२१ पासून त्यातून एक जण पगारी काम करतोय आणि बाकी सगळे स्वतःच्या वेळात. पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये आली, तीच माझ्याकडे आहे, आणि ३२-बिटची आवृत्ती त्यांनी अजून ठेवलीय. मोठमोठ्या कंपन्यांनी आणि कित्येक लिनक्सवाल्यांनी सुद्धा ३२-बिटची मशीन वाऱ्यावर सोडली. माझ्या मते नवं घ्या म्हणून सांगणं हे रिपेअर करता येत नाही याची कबुली आहे, मग तो टीव्ही असो की कॉम्प्युटर.

तुमच्या लॅपटॉपचं म्हणाल तर पेनड्राइव्हवर हायकूची इमेज फाइल लिहा आणि त्यावरूनच चालू करा, इन्स्टॉल न करता पूर्ण डेस्कटॉप येतो. आधी वाय-फाय बघा, ड्रायव्हर बरेचसे फ्रीबीएसडी नावाच्या दुसऱ्या एका खुल्या सिस्टिममधून घेतलेले आहेत, तुमची चिप त्यात बसली तर पुढचं सोपं. आवाज येतो का बघा. हे दोन्ही झालं तर टाका, नाही झालं तर हट्ट करू नका. माझ्या नेटबुकवर वीसेक सेकंदांत डेस्कटॉप येतो. अपडेट बिघडलं तर बूट होतानाच आधीच्या स्थितीत परत जाता येतं, हे मला दोनदा उपयोगी पडलंय.

काय नाही ते पण सांगतो, कारण नंतर तुम्ही मला बोल लावाल. लॅपटॉप झोपवता येत नाही, झाकण लावलं तरी चालूच राहतो. माझ्याकडे थ्रीडी गेम नाहीत, ब्लूटूथ नाही, व्हिडिओ कॉल मी फोनवरच करतो, प्रिंट पेनड्राइव्हने शेजारच्या झेरॉक्सवर काढतो. वेबपॉझिटिव्ह नावाचा ब्राउझर येतो, १ जीबी रॅममध्ये जड पानं उघडताना दम लागतो, बँकेचं काही मी त्यावर करत नाही. लॉगिनला वेगवेगळे युजर नाहीत, मशीन ज्याच्या हातात त्याचं. लिबरऑफिस आहे. आणि मराठी माणसाला खटकेल ते हे की ट्रॅकरच्या रकान्यात जोडाक्षरं सुटी सुटी दिसतात, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते, म्हणून अण्णांच्या नोंदी मी रोमन लिपीत भरल्यात. हे मला मनापासून खुपतं आणि ज्याला प्रोग्रामिंग येतं अशा मराठी पोरांनी हात घालावा असं हे काम आहे, हे लोक गुगल समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांकडून खुल्या सॉफ्टवेअरचं काम करून घेणाऱ्या गुगलच्या कार्यक्रमातून पोरं घेत आलेत.

आणि बॅकअप. साध्या फॅट३२ पेनड्राइव्हवर नुसती कॉपी मारली तर फाइल जाते पण रकाने गळून पडतात, एकदा असं करून मी ४० सर्किटांची माहिती घालवलीय. हायकूवरच्या झिपमध्ये बांधून कॉपी केलं तर रकाने टिकतात. दादाचा 'उद्या बंद पडलं तर' हा मुद्दा तेवढा खरा धरून मी सगळ्या रकान्यांची साधी टेक्स्ट यादी पण काढतो, जी कुठल्याही मशीनवर वाचता येईल. दर शनिवारी झिप आणि यादी दोन पेनड्राइव्हवर जाते, त्यातला एक महिन्याला पुण्याला दादाकडे पोचतो, त्याच्या घरी पुराचं पाणी येत नाही.