जुलैत चिकटवलेली फळी फेब्रुवारीत का चिरते?

प्रश्न : गच्चीवरच्या खोलीत फावल्या वेळात पहिली अकूस्टिक गिटार बनवतोय. जुलैत स्प्रूस लाकडाच्या वरच्या फळीला आतून ब्रेसेस (आधाराच्या लाकडी पट्ट्या) चिकटवले आणि ती ठेवून दिली. पेटीवर अजून चढवलेली नाही. आता फेब्रुवारीत पाहतो तर फळी बाहेरच्या बाजूने खोलगट झालीय, कडेला केसाएवढी चीरही आहे. वाया गेली का? दुसरं, आजोबांचा शिसवी पलंग मोडून पडलाय. त्याचं लाकूड गिटारच्या पाठीला चालेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फळी वाया गेलेली नाही, पण आहे तशी पेटीवर चढवू नका.

लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि तेही रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत फरक नगण्य. ब्रेसेस बसतात ते या रेषांना आडवे किंवा तिरके. म्हणजे पावसाळ्यात ८५ टक्के आर्द्रतेत फुगलेली फळी तुम्ही न हलणाऱ्या पट्ट्यांना जखडून टाकलीत. आता हवा ३५ टक्क्यांवर आली. ३८ सेंटिमीटर रुंदीची मोकळी फळी एवढ्या फरकात पाच-सहा मिलिमीटर आकसते. तुमचीला तेवढी मुभा नाही, म्हणून ती आधी वाकली आणि मग चिरली.

कोरड्या दिवसांत चिकटवलेली फळी पावसाळ्यात थोडी फुगते, तारा जरा उंच होतात, इतकंच. म्हणून मी ब्रेसेस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच, ४०-४५ टक्क्यांवर चिकटवतो. पावसाळ्यात मान घडवायची, मानेवर फ्रेटच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचा पाडायच्या. काम काही अडत नाही.

आर्द्रतामापक नसेल तर आजच घ्या, आणि त्याच्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंबभर पाण्याने चिखलासारखं करा आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. जेवढा फरक, तेवढा लक्षात ठेवा.

आता दुरुस्ती. ब्रेसेस वाचवायचा लोभ धरू नका. पटाशीने तासत आणा, शेवटचा पापुद्रा गरम ओल्या फडक्याने मऊ करून खरवडा. पट्ट्या स्वस्त असतात, फळी महाग. मग फळी आठवडाभर दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी ठेवा. चीर बोटाने सरस दाबून भरा, आतून स्प्रूसचे छोटे तुकडे, रेषा चिरेला आडव्या येतील असे, चिकटवा. त्यानंतरच नवे ब्रेसेस.

पलंगाबद्दल ऐकून हेवा वाटला. गिटारच्या पाठीचं ब्राझिलियन रोजवुड मिळेना झालं तेव्हा, १९६९च्या सुमारास, अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने आपल्याकडचंच शिसव धरलं. आज जगभर पाठीसाठी ते वापरतात. पण पाठ दोन जोड-फळ्यांची असते आणि प्रत्येक फळी साधारण २० सेंटिमीटर रुंद लागते. पलंगाच्या खुरांतून एवढी रुंदी निघणार नाही. डोक्याकडची फळी रुंद असेल आणि कापल्यावर रेषा पृष्ठभागाला उभ्या येत असतील तर नशीब! नाहीतर त्यातून फ्रेटबोर्ड (फ्रेट बसतात ती मानेवरची पट्टी) आणि ब्रिज (पेटीवर तारा अडकवायची पट्टी) काढा, दोन्हींसाठी शिसव उत्तम. शिसवाचा भुसा अनेकांना बाधतो, अंगाला खाज सुटते, तेव्हा मास्क हवाच. आणि करवत लावण्याआधी लाकडावरून चुंबक फिरवा. जुन्या पलंगात खिळे कुठे दडलेले असतील सांगता येत नाही.