'सॅटेलाइट' म्हणजे उपग्रह नव्हे, पोटकूळ

वाशीच्या एका जीवशास्त्र शिक्षिकेने विचारले आहे की, वनस्पतींच्या विषाणूंवर जगणाऱ्या 'सॅटेलाइट' नावाच्या जनुकीय तुकड्यांना मराठीत 'उपग्रह' म्हणावे की 'बांडगूळ'. दोन्ही नको. ठाण्यातल्या व्याख्यानांतून कोणत्याही आयतखाऊला 'बांडगूळ' म्हटलेले ऐकले की मला संताप येतो. आंब्यावरचे बांडगूळ आपल्या हिरव्या पानांत स्वतःचे अन्न तयार करते आणि झाडाकडून मुख्यतः पाणी व क्षार घेते. सॅटेलाइटला तेवढेही साधत नाही.

'उपग्रह' हे तर भलत्याच अर्थाचे भाषांतर आहे. लॅटिनमध्ये 'सातेलेस' म्हणजे बड्या माणसाच्या पदरचा अनुचर. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये गुरूच्या चंद्रांना तो शब्द लावला. विषाणुशास्त्रज्ञ कासानिस यांनी १९६२ मध्ये दुसऱ्या विषाणूवाचून वाढू न शकणाऱ्या विषाणूला 'सॅटेलाइट' म्हटले, तेव्हा मूळचा पदरचा माणूसच परत आला. तरीही पाठ्यपुस्तककार आकाशाकडेच पाहत बसतात.

माझा शब्द 'पोटकूळ'. प्राकृतातल्या 'पोट्ट'पासून आलेले हे 'पोट' पोटजातीत आहे, पोटकलमात आहे, पोटभाडेकरूत आहे. एकाच्या पोटात दुसरा, असा त्याचा भाव. जमीन मालकाची, ती कसणारा कूळ आणि कुळाकडून तुकडा घेणारा पोटकूळ. तशीच पेशी मालकाची म्हणजे झाडाची, विषाणू कूळ, सॅटेलाइट पोटकूळ. 'परोपजीवी' या शब्दात दोनच पक्ष मावतात, इथे तीन आहेत. काकडीच्या मोझॅक विषाणूचा सॅटेलाइट जेमतेम ३३० ते ४०० न्यूक्लिओटाइडांचा (जनुकीय साखळीतल्या दुव्यांचा) असतो आणि त्याचे स्वतःचे एकही कामाचे प्रथिन नसते. प्रती काढायला विकर (एन्झाइम) कुळाचे, पांघरायला आवरण कुळाचे, आणि त्याच आवरणात बसून तो माव्याबरोबर पुढच्या रोपावर जातो. एकाच रोपात विषाणूचे दोन वाण आले, तर तो दुसऱ्याचे आवरणही पांघरू शकतो, म्हणून एका वंशाला बांधलेला न राहता तो विषाणूंच्या साऱ्या समुदायात पसरतो.

'परजीवी' हाच शब्द बरा, असे म्हणणाऱ्यांशी माझा स्पष्ट मतभेद आहे, कारण तो शब्द आधीच निकाल देऊन मोकळा होतो. काकडीच्या विषाणूचे हे पोटकूळ पुष्कळदा कुळाचीच संख्या घटवते, हे खरे. परंतु मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये नोंदल्या गेलेल्या भेंडीच्या केवडा रोगात, पांढऱ्या माशीबरोबर फिरणारा सुमारे १,३५० न्यूक्लिओटाइडांचा 'बीटासॅटेलाइट' हा दुसऱ्या प्रकारचा सॅटेलाइट आपल्या एका प्रथिनाने झाडाची संरक्षणयंत्रणा दाबतो आणि विषाणूचे काम सोपे करतो. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात फिकट पिवळी पडलेली भेंडी दिसली, तर ती बहुधा या कूळ-पोटकुळाच्या संगनमताची खूण असते.