समुद्रावरच्या सुट्टीची ओढ पहिल्यांदा कशी लागली?

क्रूझवर एकदा जाऊन आलेली माणसे पुन्हा पुन्हा त्याच सुट्टीकडे का वळतात, हे कुतूहल या वेळच्या अनेक पत्रांतून व्यक्त झाले आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे सविस्तर उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : जुन्या काळातील समुद्रप्रवासाची वर्णने वाचली, की धोका, आजार आणि आप्तांची ताटातूट एवढेच डोळ्यांसमोर येते. मग केवळ मौजेसाठी जहाजावर जावे, असे माणसांना केव्हा आणि का वाटू लागले?

उत्तर : आपल्या डोळ्यांसमोर येणारे चित्र खरेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जहाजात बसणाऱ्याला पोहोचण्याची घाई असे आणि मधले दिवस त्याला सोसावे लागत. वाफेच्या इंजिनामुळे जहाज वाऱ्याच्या मर्जीतून सुटले, अमुक बंदरात साधारण अमुक दिवशी पोहोचू असे आधी सांगता येऊ लागले आणि त्यामुळेच सहल आखणे शक्य झाले. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीने १८४४ मध्ये आपल्या जहाजांवरून भूमध्य समुद्राची सफर लोकांपुढे ठेवली. कादंबरीकार विल्यम थॅकरे यांना तिने विनामूल्य प्रवास दिला आणि त्यांनी कैरोपर्यंतच्या त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. पुढे १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ हे जहाज युरोप आणि पॅलेस्टाइनच्या फेरीवर निघाले. त्यावर मार्क ट्वेन होते आणि त्यांची प्रवासपत्रे वर्तमानपत्रांत छापून येत होती. एकच जहाज, तेच सहप्रवासी आणि जेथून निघालो तेथेच परत येणे, हा क्रूझचा साचा या फेरीत स्पष्ट दिसतो.

तरीही आजच्या अर्थाने क्रूझची सुरुवात बहुतेक अभ्यासक १८९१ पासून मानतात, आणि तिच्यामागचे कारण मला फार बोलके वाटते. जर्मनीच्या हॅम्बर्ग-अमेरिका कंपनीचे ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे वेगवान जहाज एरवी अटलांटिक ओलांडून प्रवासी नेत असे. पण हिवाळ्यात तो समुद्र खवळलेला असे, प्रवासी घटत आणि एवढे महागडे जहाज तोट्यात चालवावे लागे किंवा धक्क्याला बांधून ठेवावे लागे. कंपनीचे सूत्रधार आल्बर्ट बालिन यांनी ते दक्षिणेच्या उबदार समुद्रात सहलीसाठी पाठवायचे ठरवले. २२ जानेवारी १८९१ रोजी कुक्सहाफेन बंदरातून २४१ प्रवासी घेऊन ते निघाले, स्वतः बालिन पत्नीसह त्यावर होते, आणि भूमध्य समुद्रातील बंदरे पाहून सुमारे दोन महिन्यांनी ते परतले. हा प्रयोग इतका रुचला, की याच कंपनीने निव्वळ सहलींसाठी ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे जहाज बांधून घेतले. १९०० मध्ये त्याचे जलावतरण झाले. त्यात ग्रंथालय होते, व्यायामशाळा होती आणि छायाचित्रे धुण्यासाठी अंधारखोलीसुद्धा होती. १९०६ मध्ये जमैकाच्या किनाऱ्याजवळ ते खडकावर चढून निकामी झाले. पण तोवर माणसांना गोडी लागली होती.

रिकाम्या जहाजाला काम हवे होते, म्हणून सहल निघाली. आणि त्या सहलीत प्रवाशांना असे काही सापडले, जे कंपनीच्या हिशेबात नव्हते. या इतिहासात हीच गोष्ट पुढेही घडत राहिली. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी स्थलांतरितांची संख्या मर्यादित केली, तेव्हा जहाजांच्या खालच्या वर्गातल्या जागा ओस पडल्या. कंपन्यांनी त्या स्वच्छ करून, रंगवून शिक्षक, विद्यार्थी आणि बेताच्या मिळकतीच्या पर्यटकांना देऊ केल्या. त्याच देशात १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती, आणि किनाऱ्यापासून पुरेसे दूर गेल्यावर परदेशी जहाजांवर ती लागू नसल्यामुळे छोट्या सफरींना गर्दी लोटत असे. पुढे मंदीच्या वर्षांत ‘मॉरिटेनिया’सारख्या नामांकित जहाजालाही पांढरा रंग देऊन उबदार समुद्रांत सहलींसाठी फिरवले गेले.

प्रश्न : विमाने आल्यावर प्रवासी जहाजे संपायला हवी होती. उलट क्रूझचा व्यवसाय वाढला, तो कसा?

उत्तर : जहाजांचा जुना व्यवसाय विमानांनी खरोखरच संपवला. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली आणि पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. जेमतेम दशकभरात, १९६७ मध्ये, ‘क्वीन मेरी’सारखे जहाज निवृत्त झाले. मोठमोठी जुनी जहाजे सहलींकडे वळवणेही सोपे नव्हते, कारण ती थंड आणि वादळी समुद्रासाठी बांधलेली होती. त्यांचे डेक बरेचसे बंदिस्त होते, त्यांचा तळ पाण्यात खोल जात असल्याने लहान बंदरांत ती शिरू शकत नसत, आणि प्रवाशांच्या वर्गांना एकमेकांपासून तोडणाऱ्या भिंती त्यांच्या रचनेतच होत्या.

नवी सुरुवात पुन्हा एका अडलेल्या जहाजाने केली. नॉर्वेचे जहाजमालक क्नुट क्लोस्टर यांचे ‘सनवर्ड’ हे जहाज ब्रिटन ते जिब्राल्टर या मार्गासाठी बांधले होते; पण राजकीय आणि आर्थिक निर्बंधांमुळे तो मार्ग चालेना. त्याच सुमारास मायामीत टेड ॲरिसन यांच्याकडे प्रवासी होते, परंतु जहाज नव्हते. दोघे एकत्र आले आणि १९६६ च्या डिसेंबरात ‘सनवर्ड’ मायामी ते बहामा बेटांवरील नासाऊ अशा तीन-चार दिवसांच्या सफरी करू लागले. दोन महिन्यांची सफर श्रीमंतांनाच परवडते, तीन-चार दिवसांची मात्र नोकरदार माणूसही करून पाहू शकतो. १९७० पासून कॅरिबियनसाठीच खास बांधलेली, उघड्या डेकची आणि एकाच वर्गाची जहाजे आली. विमान कंपन्यांशी करार करून तिकिटातच बंदरापर्यंतचा विमानप्रवास देण्याची पद्धतही रुळली, आणि ज्या विमानाने जहाजाचे प्रवासी पळवले होते, तेच आता दूरच्या थंड शहरांतून माणसे आणून त्यांना धक्क्यावर पोहोचवू लागले.

१९७७ मध्ये अमेरिकेत ‘द लव्ह बोट’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि ती जवळजवळ दशकभर चालली. समुद्र ज्यांनी कधी पाहिला नव्हता अशा असंख्य घरांत क्रूझची कल्पना तिने नेली, आणि जहाजावर आपल्यासारखी साधी माणसेही जातात हे दाखवले. जाहिरातींनी जे साधले नसते, ते तिने साधले असे माझे मत आहे. १९७० च्या सुमारास जगभरात वर्षाला पाच लाखांच्या आसपास लोक क्रूझवर जात. २०१९ मध्ये हा आकडा तीन कोटींच्या जवळ पोहोचला होता.

प्रश्न : माझे आईवडील साठी उलटल्यावर प्रथमच क्रूझवर गेले. वडिलांना एरवी कोणत्याही सहलीचा कंटाळा असे. आता मात्र दोघेही पुढच्या क्रूझखेरीज दुसरे काही बोलत नाहीत. चार दिवसांत असे काय झाले असेल?

उत्तर : आपल्या आईवडिलांना मी भेटलो नसलो, तरी अशी पुष्कळ माणसे मला भेटली आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात ठिकाणांची नावे क्वचितच आधी येतात. ‘बॅग एकदाच उघडली’ हे वाक्य बहुतेक जण पहिल्या दोन मिनिटांत उच्चारतात. सामान बांधणे, स्थानक गाठणे, नव्या खोलीत स्थिरावणे आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा करणे, यात सहलीतली निम्मी शक्ती खर्च होते, आणि वय वाढते तसे ते अधिक जाणवते. जहाज बहुधा रात्री अंतर कापते. आपण झोपलेलो असताना प्रवास होतो आणि सकाळी खिडकीबाहेर दुसरे शहर असते. आपल्या वडिलांना सहलीचा कंटाळा होता की सहलीतल्या धावपळीचा, हे त्यांना विचारून पाहावे. मला दुसरीच शक्यता अधिक वाटते.

आपल्या आईंच्या बाबतीत कदाचित आणखी एक गोष्ट असेल. प्रत्येक कुटुंबात एक व्यक्ती अशी असते, जिची सहलीतही सुट्टी होत नाही. कोणी काय खाल्ले, कोणाची औषधे राहिली, परतायला उशीर तर होणार नाही, हे सारे तिच्याच डोक्यात चालू असते. जहाजावर जेवणाची वेळ, स्थळ आणि उद्याचा मार्ग ठरलेला असतो, तीन पिढ्या दिवसभर आपापल्या आवडीने पांगल्या तरी संध्याकाळी एकाच टेबलाशी जमतात आणि कोणी हरवण्याची चिंता फारशी उरत नाही. ही मोकळीक पहिल्यांदा अनुभवणाऱ्या माणसाला ती पुन्हा हवीशी वाटली, तर त्यात नवल काय?

सहप्रवाशांचाही वाटा मोठा असतो. जेवणासाठी ठराविक टेबल देण्याची जुनी प्रथा आता अनेक जहाजांवर सैल झाली आहे आणि मला त्याची हळहळ वाटते. कारण रोज त्याच अनोळखी चौघांसमोर बसल्याने जी ओळख वाढते, ती फिरत्या रांगेत वाढत नाही. एकटे राहणारे, जोडीदार गमावलेले अनेक जण क्रूझकडे ओढले जातात ते याच सोबतीसाठी.

आणि अर्थात समुद्र. १९८४ मध्ये आलेल्या ‘रॉयल प्रिन्सेस’ या जहाजावर प्रवाशांच्या सर्व केबिन बाहेरच्या बाजूला होत्या आणि पुष्कळ केबिनना स्वतःचा सज्जा होता. तोवर बऱ्याच प्रवाशांच्या वाट्याला बिनखिडकीची खोली येत असे. स्वतःच्या सज्ज्यात उभे राहून चारही प्रहर पाण्याचा बदलता रंग पाहता येणे, ही आता अनेकांची पहिली आणि कायमची आठवण असते. बंदराची जुनी शहरे समुद्राकडे तोंड करून वसलेली असतात. त्यांचे किल्ले, मनोरे आणि घुमट दुरून पाण्यावरून जसे उलगडतात, तसे ते विमानतळाच्या रस्त्यावरून कधीच दिसत नाहीत. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, की निदान एका बंदरात शिरताना पहाटे उठून डेकवर उभे राहावे.

आजची अतिप्रचंड जहाजे हा मात्र वेगळा अनुभव आहे. २०२४ मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे आणि त्यावर ७,६०० पर्यंत प्रवासी मावतात. पोहण्याचे तलाव, घसरगुंड्या आणि नाट्यगृहे यांच्यात मुले रमतात हे खरे. पण तेथे समुद्राकडे पाहायला मुद्दाम वेळ काढावा लागतो आणि मला स्वतःला मध्यम आकाराचे जहाज अधिक भावते. आणखी एक गोष्ट आपल्या आईवडिलांच्या कानावर घालावी. प्रवाशांना मिळणारी निश्चिंतता कर्मचाऱ्यांच्या कष्टांवर उभी असते. त्यांच्यापैकी अनेक जण कित्येक महिने घरापासून दूर राहून आठवड्याचे सातही दिवस काम करतात. खोली आवरणाऱ्याचे आणि जेवण वाढणाऱ्याचे नाव विचारून घेणे आणि निघताना त्यांचे मनापासून आभार मानणे, एवढे तर प्रत्येकाने करावे.

प्रश्न : क्रूझ जहाजे समुद्र आणि हवा दूषित करतात असे वाचले. मग हा आनंद घेणे योग्य आहे का?

उत्तर : शंका रास्त आहे. मोठ्या जहाजांचे जड इंधन हवेत गंधक आणि काजळी सोडते, आणि एकाच सकाळी हजारो माणसे उतरली की लहान शहराचा श्वास कोंडतो. काही सुधारणा झाल्या आहेत. अलास्कातील जुनो बंदरात २००१ पासून धक्क्याला लागलेल्या क्रूझ जहाजाला किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय झाली, त्यामुळे तेथे इंजिने बंद ठेवता येतात. २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली, आणि २०२१ मध्ये व्हेनिसच्या मध्यवर्ती जलमार्गात मोठ्या जहाजांना बंदी झाली. एवढ्याने प्रश्न सुटलेला नाही. ज्यांना जायचे आहे, त्यांनी लहान जहाज, किनाऱ्यावरची वीज वापरणारी कंपनी आणि आपल्या बंदरापासून जवळचा मार्ग यांना पसंती द्यावी.

प्रश्न : मला साध्या नावेतही बोट लागते. क्रूझवर जाण्याची फार इच्छा आहे, पण धीर होत नाही. काय करावे?

उत्तर : डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला मात्र हालचाल जाणवते, या विसंगतीतून मळमळ सुरू होते. मोठ्या जहाजात हा त्रास लहान नावेपेक्षा पुष्कळ कमी असतो, कारण आकाराखेरीज त्याच्या बुडाला दोन्ही बाजूंना पंखांसारखी स्थिरके असतात, जी आडवे डोलणे आवरतात. १९५० मध्ये पी अँड ओ च्या ‘चुसान’ या मोठ्या प्रवासी जहाजावर ती बसवली गेली आणि तेव्हापासून समुद्राची धास्ती घेतलेली किती तरी माणसे निर्धास्तपणे जहाजावर चढू लागली. पुढे-मागे होणारे हेलकावे मात्र स्थिरकांनी फारसे कमी होत नाहीत, म्हणून केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तेथे हालचाल सर्वांत कमी जाणवते.

पहिली सफर तीन-चार रात्रींचीच निवडावी आणि त्या समुद्रातील वादळांचा हंगाम टाळावा. आपल्या डॉक्टरांना विचारून औषध सोबत ठेवावे. असे औषध मळमळ सुरू होण्याआधी घेतले तरच नीट लागू पडते. एकदा उलट्या सुरू झाल्यावर ते पोटात टिकत नाही. अस्वस्थ वाटू लागल्यास केबिनमध्ये पडून पुस्तक वाचू नये. मोकळ्या डेकवर येऊन क्षितिजावर नजर ठेवावी, पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि थोडे थोडे पाणी पीत राहावे. बहुतेकांचे शरीर एक-दोन दिवसांत सरावते. याउपरही त्रास झाला, तर जहाजावर डॉक्टर असतात आणि त्यांच्याकडे जायला अजिबात संकोच करू नये.